दिव्यावर धरलेली गाठ

दि. ६ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितोय म्हणून रागावू नकोस. आमच्या दोन खोल्यांत फोनवर बोललं की सगळ्या घराला ऐकू जातं, आणि ही गोष्ट सगळ्या घराची नाही. अंघोळ करताना लक्षात आलं, डावं वृषण थोडं सुजलंय. मागच्या अंगाला वाटाण्याएवढं काहीतरी कडक लागतं. दाबलं तरी दुखत नाही.

माझं काम तुला ठाऊक आहे. उबवणी केंद्रातल्या अंधाऱ्या खोलीत दिवसभर अंडी दिव्यावर धरायची आणि आत जीव धरलाय का पाहायचं. जेवणाच्या सुट्टीत आतून कडी लावली आणि तोच दिवा स्वतःला लावला. हसू नकोस. आपल्या आबांना तिथेच सूज आली तेव्हा डॉक्टरांनीही बॅटरीच लावली होती. उजेड आरपार गेला, नुसतं पाणी आहे म्हणाले, आणि आबा ते पाणी बाळगून ऐंशी वर्षांचे झाले. माझाही उजेड आरपार आला, छान लालसर. तेव्हा हे आबांचंच पाणी. वारशात घर नाही मिळालं, हे मिळालं! हिला काही बोललो नाही, तूही बोलू नकोस.

वहिनींना नमस्कार. तुझी माया आहेच, ती असू दे.

तुझा,
बारक्या


दि. १५ जानेवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग घाबरलो. आबांची सूज मऊ होती. तुझ्या हाताला कडक लागतंय, हे तूच लिहिलंस. आमच्या लिफ्ट कंपनीच्या डॉक्टरांना तुझं नाव न घेता विचारलं. ते माझ्याच पँटकडे बघत होते. म्हटलं, बघू देत.

ते म्हणाले, अशा पुष्कळ गाठी साध्या निघतात, पण साधी कोणती ते घरी ठरवता येत नाही. कडक गाठ दुखत नसली, तरी थांबायचं नाही. याच आठवड्यात दाखवायचं आणि सोनोग्राफी करून घ्यायची. कर्करोग निघाला तरी लवकर सापडला तर जवळजवळ सगळे बरे होतात. मी रोज लिफ्टचे दोर तपासतो. करकरणाऱ्या लिफ्टची लोक तक्रार करतात. न करकरता झिजते, ती मला शोधावी लागते. उद्याच्या उद्या जा, आणि तुझ्या बायकोला सांग.

काळजीत असलेला,
दादा


दि. १० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी तीन पत्रं आली. उत्तर दिलं नाही, कारण उत्तर तुला आवडणार नाही. दवाखान्यातली नर्स आमच्या शेजारच्या घरात राहते. तिच्यासमोर पायजमा सोडू आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडे विरजण मागायला जाऊ? दर रविवारी दिवा लावून बघतो, उजेड येतो. थोडं जड वाटतं, एवढंच. तू उगाच साप साप म्हणून भुई धोपटतोस.

रागावलास तरी पत्र लिहीत जा.

तुझा,
बारक्या


दि. २ ऑगस्ट

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, आज लिहितेय. यांचा खोकला जात नाही. पाठ इतकी दुखते की अंड्यांचे ट्रे उचलवत नाहीत. काल मोरीत घसरून पडले, मी उचलायला गेले तेव्हा पाहिलं. लिंबाएवढं झालंय. कधीपासून, असं विचारलं तर म्हणाले, दादाला विचार. तुम्हाला माहीत होतं आणि मला नाही. याचा मला फार राग आला आहे, पण तो नंतर. आज मी यांना दवाखान्यात घेऊन चालले आहे. शेजारच्या नर्सबाईच रिक्षा घेऊन आल्यात.

तुमची,
धाकटी भावजय


दि. १९ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पडल्यापडल्या लिहितोय, अक्षराला नावं ठेवू नकोस. जांघेत कापून डावीकडचं काढलं ते तुला माहीतच आहे. ते दुखणं काहीच नव्हतं. छातीत आणि पोटात पसरलंय त्यासाठी सलाईनमधून औषध देतात, त्याने केस गेले, जेवण गेलं. कालच्या तपासणीत कळलं, गाठी हव्या तशा आटल्या नाहीत. आता याहून जहाल औषध देणार. त्याने बरे झालेलेही आहेत म्हणतात. मी बरा होईन, असं मात्र कोणी म्हणालं नाही.

मी डॉक्टरांना दिव्याचं सांगितलं. ते म्हणाले, कधी कधी अशा गाठीभोवतीच पाणी जमतं, आणि उजेड त्या पाण्यातून आला. आयुष्यभर अंड्यातला बारीकसा डाग मला सुटला नाही. इथे मला उजेडच बघायचा होता, म्हणून उजेड दिसला.

आमच्या केंद्रातला ट्रेवाला मध्यंतरी भेटायला आला होता. सगळे गेल्यावर दार लोटून हळूच म्हणाला, की त्यालाही गाठ लागते. मी त्याला इतक्या शिव्या दिल्या की तो तसाच उठून तपासणीला गेला. त्याचं लवकर सापडलं. ऑपरेशन झालं, आणखी औषध नको, नुसतं तपासणीला येत राहा म्हणाले. काल पेढ्यांचा पुडा घेऊन आला आणि पाया पडला. मी त्याला आशीर्वाद दिला. पण दादा, तो जिना उतरून गेला तेव्हा मला त्याचा असा हेवा वाटला की मी भिंतीकडे तोंड करून रडलो. मला जगायचंय रे.

तुझा,
बारक्या


दि. २३ नोव्हेंबर

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

रजा टाकली आहे. सोमवारी पोचतो, पत्र त्याआधी पोचेल असं वाटतं. तुझ्या बायकोला माझ्यावर रागवायचंय, तिला म्हणावं, समोर बसून सगळं ऐकून घेईन. तुला आता एकही सल्ला देणार नाही, जवळ बसेन.

हेवा वाटला त्याची लाज धरू नकोस. वाटू दे. हेवा वाटायलाही माणूस जिवंत असावा लागतो, आणि मला तू तेवढाच हवा आहेस.

तुझा,
दादा