दक्षिणेच्या भिंतीवरचा टीव्ही

२ फेब्रुवारी
शालू वडीगोद्रीहून आली होती. लग्नानंतर ही पोरगी येते ती भांडायलाच. म्हणाली, "बाबा, चोवीसला आईचं वर्षश्राद्ध हाय. फोटो दक्षिणेच्या भिंतीवर लागला पाह्यजे. न्हाई लावला तर त्याच दिवशी मी माझ्या घरी घेऊन जाते."
दक्षिणेच्या भिंतीवर टीव्ही आहे. पासष्ट इंची. गेलेल्यांची भिंत तीच आणि प्लगही तिथेच. वायरमनने ठरवलेली गोष्ट. माझा दोष नाही.
बायकोचा फोटो कपाटात आहे, सुरेखाच्याच साडीत गुंडाळून ठेवला आहे. धूळ बसू नये म्हणून.

३ फेब्रुवारी
उपाय सापडला. टीव्ही मोटारीने छताला जाईल, फोटो दिसेल. पाहुणे गेले की टीव्ही खाली. सीड कंपनीच्या गोदामात सगळी हयात गेली, वजन उचलणे मला कोणी शिकवू नये. आठवड्यात काम संपेल.
आठ वाजता सुरेखाची मालिका लावली. मी बघत नाही. नुसती चालू असते. सासूने सुनेचा मोबाईल लपवला.

९ फेब्रुवारी
ऑनलाइन मिळणाऱ्या मोटारी खेळण्यातल्या वाटल्या. वाटूरला भाच्याकडे गेलो. सोमेश्वर विहिरी खोदतो. त्याची जुनी यारी, मोटारीवर दोर ओढणारी, पडून होती, ती आणली. सोमेश्वर म्हणाला, "मामा, ही इहिरीतून धोंडे काढती. टीव्हीला कशाला?" मी सांगितले, मजबूत पाहिजे. तो म्हणाला, "मजबूत तर हायच. छत बी सोबत येईन."
याला विनोद समजतो तो.

१३ फेब्रुवारी
छताला लोखंडी चॅनल बसवला. टीव्हीच्या मागे फ्रेम, फ्रेमला विहिरीच्या बादलीचे चार हुक. छत झाकायला बोलावलेला पीओपीवाला आगाऊ पैसे परत देऊन निघून गेला. घाबरट.
थोरली बहीण नंदाक्का इथे आमच्या मस्तगडातच राहते, म्हणून रोज येते. दारातूनच म्हणाली, "कडूबा, बाई वर्षभर खाटेवर होती तव्हा डोक्यावरचा पंखा दुरुस्त व्हत नव्हता तुला. आता टीव्हीला पाळणा बांधून राह्यला."
पंख्याचा कंडेन्सर मिळत नव्हता. तिला माहीत नाही.

१७ फेब्रुवारी
पहिली ट्रायल यशस्वी. टीव्ही वर गेला. थोडे प्लास्टर पडले, ते तसेही सैल होते. हिरवे बटन कधीकधी आत अडकून बसते, नखाने ओढले की येते. सोमेश्वर म्हणतो, वर पोचल्यावर आपोआप बंद पडायचा स्विच टाका. मी म्हटले, मी आहे ना.
मालिकेत सुनेला मोबाईल सापडला.

२१ फेब्रुवारी
शालूला फोनवर सगळी योजना सांगितली. तिने विचारले, "म्हंजे रोज आई टीव्हीच्या मागं राहणार?"
मी म्हटले, मागे नाही, सोबत.
 ती म्हणाली, "एकदा फोटो लावून ट्रायल तरी घ्या."
बरोबर आहे. उद्या घेतो.

२२ फेब्रुवारी
कपाट उघडले. साडी हातात घेतली. परत ठेवली.
ट्रायलची गरज नाही. फोटो पातळ असतो. शिवाय कपाटाची किल्ली नीट फिरत नाही.

२४ फेब्रुवारी, सकाळी
टीव्ही वर नेला. फोटो शालूने कपाटातून काढला, तिनेच लावला. मी बाहेर मंडपवाल्याशी बोलत होतो. नंदाक्काने झेंडूचा मनगटाएवढा जाड हार घातला. शालू म्हणाली, "राहू द्या आता टीव्ही वरच." पण मग कळणार कसे लोकांना? मुद्दाम खाली आणून ठेवला. पानं वाढायच्या आधी सगळ्यांसमोर वर नेईन.

२४ फेब्रुवारी, दुपारी
सगळे हॉलमध्ये बसले होते. मी दोन शब्द बोललो. हिरवे बटन दाबले.
टीव्ही निघाला. फोटो दिसला नाही. मागचा हुक हारात अडकला होता. खिळ्यावरून फोटो निघाला आणि टीव्हीच्या पाठीला धरून वर जाऊ लागला. सोमेश्वर ओरडला, "मामा, मामी चालल्या!" मागून कोणीतरी हसले. मग बरेच जण हसले. नंदाक्का म्हणाली, "एकदा धाडून पोट न्हाई भरलं याचं."
बटन आत अडकले होते. नखाने निघेना.
यारी थांबली नाही. आधी फोटोची काच गेली, मग टीव्हीची, मग छताचा तुकडा भाताच्या पातेल्यात पडला. सोमेश्वरने मेन स्विच बंद केला.
जेवायला वरण-पोळी होतीच. कोणी उपाशी गेले नाही.

२५ फेब्रुवारी
सोमेश्वरने दोर कापून सगळे खाली घेतले. फोटोला काही झालेले नाही. हनुवटीजवळ एक ओरखडा. शालूने तो त्याच साडीत गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. मी म्हटले, भिंत आता मोकळी आहे, लावू. ती म्हणाली, "आता मोकळी हाय का?"
एसटीपर्यंत सोडायला येतो म्हटले. नको म्हणाली.
सोमेश्वर यारी घेऊन गेला.

२६ फेब्रुवारी
आठ वाजता खुर्चीवर बसलो. भिंतीवर एक खिळा आहे.
सुनेने मोबाईल सापडल्यावर काय केले ते आता कळणार नाही. अडचण काही नाही. विचारणारे कोणी नाही.