कडीच्या खालचा वर्ग

प्रिय ताई,

वरच्या खुर्च्या सरकण्याचा आवाज तुझ्या कानात अजून आहे का? माझ्या आहे. रविवारी आपला पोरांचा शास्त्रवर्ग चर्चच्या तळघरातल्या त्या लांबट खोलीत आणि आपल्या डोक्यावर पुरुषांचा वर्ग. त्यांचा वर्ग सुटला की साऱ्या खुर्च्या एकदम मागे व्हायच्या, जणू कुणी पत्र्याच्या पेट्या ओढत नेतंय. तू बोलता बोलता थांबायचीस, एक बोट वर करायचीस आणि आम्ही पोरं छताकडे बघत बसायचो. एकदा तुझ्या गोष्टीतल्या तारवात सगळी जनावरं चढून झाली होती, दार लागणार, एवढ्यात वर खुर्च्या सुरू झाल्या. जनावरं बिचारी खोळंबून राहिली. शेवटची खुर्ची शांत झाली, आणि ज्या शब्दावर अडली होतीस त्याच शब्दापासून तू पुढे सुरू केलंस. इतक्या गोष्टी विसरलो, पण तुझं ते वर केलेलं बोट काही विसरत नाही.

तुझ्या गुडघ्याचं भाचीने कळवलं. जिना चढताना गप्प असतेस आणि उतरताना तिच्यावर खेकसतेस म्हणे. म्हणजे प्रकृती उत्तम आहे. पुढच्या महिन्यात तिच्याकडून घरी परतशील तेव्हा तुझ्या खिडकीतली कुंडी जिवंत असेल, एवढं वचन देतो. तिच्यातल्या फुलांबद्दल काही बोलत नाही. मी बरा आहे. चष्म्याचं दुकान आता अर्धा दिवसच उघडतो. काचा घासताना अजूनही शाळेतल्या कविता आपोआप तोंडात येतात, आणि गिऱ्हाईक विचारतं, 'काका, मला काही म्हणालात का?' परवा नदीवरची ती कविता आली, दुसरीत पाठ केलेली. तेव्हा शब्द सगळे येत होते, अर्थ औषधालाही नव्हता. अर्थ लागला तो चाळिशी उलटल्यावर, पुलावर सायकलची उतरलेली चेन बसवताना, दोन्ही हात काळे असताना. खाली पाणी चाललं होतं, तिकडे नुसतं बघितलं आणि कविता सबंध उलगडली. मग मला कोडं पडतं, ताई, की ती कविता मला शिकवली कुणी? मास्तरांनी, पुलाने, की सायकलच्या चेनने? हल्ली मला अशीच कोडी पडतात. त्याला कारणही आहे, पण त्याकडे हळूहळू येतो. तुला माझी सवय आहे.

आधी त्या कडीबद्दल बोलू. आजच्या पोरांना सांगितलं तर ती खोटं समजतात. बाईने मुलांना शिकवावं, पुरुषांना शिकवू नये, हा आपल्या चर्चच्या मंडळीचा नियम. पण मुलगा पुरुष होतो कधी, यावर दरवर्षी वाद. आईबाप वयाबाबत थापा मारायचे. कुणाला मुलगा लवकर वर जायला हवा, कुणाला तो आणखी वर्षभर तुझ्या हाताखाली राहायला हवा. शेवटी जुन्या पाळकांनी तोडगा काढला. आपल्या खोलीच्या दाराला जी लोखंडी कडी होती, तिला ज्याचं डोकं लागेल तो पुरुष. त्याने जिना चढून वर जायचं. वय विचारायचं कारणच नाही. मग काय, निम्मी पोरं दारातून गुडघे वाकवून आत यायला लागली आणि तू वहीत नाक खुपसून न बघितल्यासारखं करायचीस. मला वाकावं लागलं नाही. माझी उंची अशी बेताची की आवाज फुटला तरी मी आपला खालीच. वरची पोरं मला 'बायकांचा विद्यार्थी' म्हणून चिडवायची. मला त्याचं काही वाटायचं नाही, कारण वर गोष्टी नव्हत्या.

आणि आपल्या वर्गातला तो लंबू, उंट? तो बिचारा नऊ वर्षांचा असतानाच कडीला लागला. रविवारी सकाळी त्याच्या बापाने त्याला दारात उभं केलं, डोक्यावर हात ठेवून कडी दाखवली आणि खांद्याला धरून वर नेलं. तेव्हापासून तो मोठ्या माणसांच्या मधोमध पाय लोंबकळवत बसायचा. काय ऐकत होता देव जाणे. आता लाकडाच्या वखारीचा मालक आहे, मंडळीचा सगळ्यात जुना पंच आहे, आणि त्याला उंट म्हणायची हिंमत माझ्याशिवाय कुणाची नाही.

नंतर दार कुजलं म्हणून नवं बसवलं, ते आठवतं? सुताराने कडी सबंध वीतभर वर ठोकली. खालच्या जागी लाकडात गाठ आली होती, खिळा जाईना, म्हणून बिनगाठीची जागा बघून त्याने ती बसवली. त्याला काय ठाऊक की तो मंडळीतल्या पुरुषांची संख्या ठरवतोय. पुढे दोन वर्षं कुणी पुरुष झालंच नाही. तुझ्या वर्गात मिसरूड फुटलेली पोरं बाकांवर मावेनात, गुडघे हनुवटीला लावून बसायची. वरच्या वर्गात नवा माणूस येईना, तेव्हा कुठे पंचांच्या ध्यानात आलं. मोजपट्टी घेऊन सगळे खाली आले आणि कडी उतरवली. एका सकाळी सात-आठ जण एकदम पुरुष झाले. आम्ही हसून हसून बेजार झालो, पण आता मला त्यात हसण्यापेक्षा नवल जास्त वाटतं. त्या दोन वर्षांत तू त्याच पोरांना तेच शास्त्र शिकवत होतीस. कडी एक वीत खाली असती तर ते चूक ठरलं असतं, एक वीत वर होती म्हणून चाललं. त्या वितीएवढ्या जागेत नेमकं काय राहत होतं, ताई?

तुझं लग्न झाल्यावर भावोजी वरच्या वर्गात विवेचन करायला लागले. लोक वाहवा करायचे, आणि भावोजी भला माणूस, सरळ सांगायचे, 'घरून बांधून आणलंय, मी फक्त वाढतो.' सगळे हसायचे. तूही हसायचीस. आणि तो रविवार, जेव्हा पाळकांना ऐन वेळी ताप भरला. उपासनेला सगळे जमलेले, उपदेश करायला कुणी नाही. पेटीवाल्या बाईंनी एकामागून एक गीतं वाजवून वेळ काढला, पुस्तकातली गीतं संपत आली. तू माझ्या पुढच्या बाकावर होतीस. तुझ्या मांडीवर पवित्र शास्त्र उघडं होतं, त्या दिवसाच्या वचनावरच उघडं. शेवटच्या गीताला तू ते मिटलंस, अगदी सावकाश, आवाज न करता. मी तुझी पाठ बघत होतो. ती ताठ होती. एवढंच दिसलं मला. बाकीचं आजवर दिसलेलं नाही.

आता बातमी. आपल्या नव्या पाळकांकडे आणखी दोन गावच्या मंडळ्या दिल्या आहेत. म्हणजे आपल्याला ते तीन रविवारांतून एकदाच मिळतात. उरलेले रविवार उंटाने अंगावर घेतले आहेत. छापील उपदेशांचं एक जाडजूड पुस्तक आहे त्याच्याकडे, त्यातून वाचतो. स्पष्ट वाचतो, प्रामाणिकपणे वाचतो, आणि मागच्या बाकांवर माना पडतात. गेल्या वेळी तर त्याच्या सख्ख्या भावाला बायकोने कोपराने ढोसून उठवलं. तर पाळकांनी उपदेशासाठी पंचांसमोर एक नाव ठेवलंय, बाईचं. तेव्हापासून मंडळीत दुसरा विषय नाही, आणि सगळ्यांना एकाएकी डोळ्यांचे नंबरही तपासून घ्यायचे आहेत. मीही पंच पडलो ना. माझ्या खुर्चीत बसतात, एक डोळा झाकतात आणि अक्षरांच्या तक्त्याऐवजी मला आपापली मतं वाचून दाखवतात.

बेकरीवाला म्हणतो, बोलू दे, पण वर उपदेशपीठावर नको, खाली जमिनीवर उभं राहून बोलू दे. त्याच्या बायकोने तिथल्या तिथे विचारलं, 'पायऱ्या तीन आहेत. दुसऱ्या पायरीवर चालेल का?' मुख्याध्यापिका म्हणाल्या, प्रभूच्या पुनरुत्थानाची बातमी आधी बायकांनीच पुरुषांना सांगितली, तेव्हा कुणी पायऱ्या मोजल्या नव्हत्या. त्यावर खजिनदार म्हणाले, बातमी सांगणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. मग दोघांत तासभर जुंपली की बातमी कुठे संपते आणि शिकवण कुठे सुरू होते. कुणी म्हणे, बाईंनी 'साक्ष' द्यावी, 'उपदेश' करू नये. दोन्हींत फरक काय, तर साक्ष छोटी असते. एकाने तर सुचवलं की फोनवर बोलणं रेकॉर्ड करून लावू, म्हणजे शिकवणारं यंत्र झालं. 'आणि आवाज रेड्याचा येणार आहे का?' असं बेकरीवालीने विचारलं, तेव्हा काचा पुसायचं निमित्त करून मी मागच्या खोलीत पळालो.

शेवटी उंट आला. तपासायच्या यंत्रावर हनुवटी टेकवून बसला, तेव्हा मीच छेडलं. म्हटलं, 'तुला तिने शिकवलंय की रे.' तो म्हणाला, 'नऊ वर्षांपर्यंत.' मग म्हणाला, 'त्या बाईंना येत नाही असं मी कधी म्हटलं नाही. माझ्यापेक्षा दसपट येतं. पण शास्त्रातल्या प्रेषिताच्या पत्रात लिहिलंय की नाही, बाईने पुरुषाला शिकवू नये म्हणून? मला पटतं तेवढं पाळायचं आणि अवघड जातं ते बाजूला ठेवायचं, तर मी शास्त्र पाळतो की स्वतःचं मन?' मी म्हटलं, त्याच प्रेषिताच्या पत्रांत त्याच्याबरोबर राबणाऱ्या बायकांची नावंही आहेत, मानाने घेतलेली. 'आहेत,' तो म्हणाला, 'म्हणून तर झोप लागत नाही.' त्याचा नंबर वाढला आहे. मी तो लिहून घेतला, त्याचा प्रश्नही. तुझ्या वर्गात एकदा एका पोराने असंच काहीतरी अवघड विचारलं होतं, आणि तू म्हणाली होतीस, 'मला माहीत नाही, आपण शोधू.' वरच्या मजल्यावर हे वाक्य मी कधी ऐकलं नाही.

आता हे एवढं लांबण का लावलं ते सांगतो. नाव तुझं आहे, हे तू केव्हाच ओळखलं असशील. येत्या नाही, पुढच्या रविवारी उपासनेनंतर पंच हात वर करणार आहेत. काही इकडचे, काही तिकडचे, आणि मधे मी. गेले कित्येक दिवस मी दोन्ही बाजू ऐकतोय. तुला चालेल का, द्यावं का, शोभेल का, कुठे उभं करावं, किती वेळ. आणि काल काच घासता घासता माझा हात थांबला. तुला हवंय का, हे एकानेही विचारलेलं नाही. तुझ्या बाजूने भांडणाऱ्यांनीही नाही. तळघरातली ती खोलीच तुला प्यारी होती, की वरच्या खुर्च्या ऐकताना तुला दुसरं काही वाटायचं? त्या रविवारी पुस्तक मिटलंस तेव्हा तुला उठायचं होतं का? फोनवर विचारलं तर 'बघू' म्हणून तू गुडघ्याच्या तेलावर घसरशील, म्हणून लिहितोय. नको असेल तर नको लिही, मी हात खाली ठेवीन आणि इतरांनाही ठेवायला सांगेन. हवं असेल तर तेही लिही, एका ओळीत, मग बाकीचं मी बघतो. आणि तुलाच ठाऊक नसेल, तर तसं लिही. तुझ्याकडून ते ऐकायची मला सवय आहे.

थांब, दारावर कुणीतरी आहे.

उंट आलाय. त्याला बसवून हे लिहितोय. दारातच म्हणाला, 'माझं मत बदललेलं नाही, आधीच सांगून ठेवतो.' काखेत शास्त्र, आणि एक बोट पानांत अडकवलेलं. ते न काढताच तो वखारीपासून चालत आला. येत्या रविवारच्या वाचनात एक वचन अडलंय, छापील पुस्तकात त्यावर ओळ नाही, पाळक परगावी आहेत. त्याला तुझा पत्ता हवा होता. मी म्हटलं, पत्र उघडंच आहे, यातच लिही. त्याने नवा चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आहे आणि माझ्या पेनाची वाट बघतोय. मी विचारलं, 'आणि तिने समजावून सांगितलं तर?' तो म्हणाला, 'आधी उत्तर येऊ तर दे.' खालची जागा त्याच्यासाठी सोडतो.

तुझाच,
कविराज