पेटीतलं ब्लूटूथ चालू करू नका

बाबा,

तुमच्या बोटीवरच्या पेटीतलं ब्लूटूथ मी पुन्हा बंद केलंय. आता तरी चालू करू नका. दादाने पेटी बनवली तेव्हा तिच्यात जीपीएस नव्हतं, ते मी तो गेल्यावर बसवलं. आतल्या बोर्डाला धड चालणारा पोर्ट एकच. तो ब्लूटूथने धरला की जीपीएस मुकं होतं आणि तुम्ही कुठे आहात ते घरी कळत नाही. कालही कळलं नाही. फोन लावून लावून मी रडकुंडीला आले.

तुम्ही ते का चालू करता, मला ठाऊक आहे. पेटी सुरू झाली की हेडफोनमध्ये दादा म्हणतो, "चला बाबा, निघू या." ते रेकॉर्डिंग तुमच्या मोबाइलवर घातलंय. धक्क्यावर बसून हवं तितकं ऐका. आईला एवढ्यात ऐकवू नका.

पेटीवरचा जीपीएसचा हिरवा दिवा लागल्याशिवाय दोर सोडू नका. माझ्यावर रागवा हवं तर.

दादाच्या बोटीवर वेगळं जीपीएस होतं; तिचा ठिपका समुद्रात जिथे थांबला, ती खूण मी अजून घरच्या स्क्रीनवरून पुसलेली नाही. तुमचा ठिपका तिला ओलांडून घराकडे येताना मला दिसायला हवा.