पडद्याच्या उलट्या बाजूने

आटपाडी,
१९ जानेवारी २०२५

प्रिय संयोगिता,

तुझी समारंभाची पत्रिका मिळाली. कागद जाड आहे, अक्षरं सोनेरी. आम्ही बरे आहोत. दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर समोर पडलेत, आईचे गुडघे थंडीने धरलेत. फोनच केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. म्हणून कागद घेतला.

आधी आपल्या कामाचं बोलू. पंचावन्न वर्षांचा एक हिरो पुन्हा कॉलेजात जाणार आहे, अशी बातमी वाचली. त्याच्यापेक्षा त्याच्या प्राचार्यांचं वय कमी असेल. त्या मारामारीवाल्या सिनेमाचा चौथा भाग येतोय म्हणे, आणि दुसऱ्या भागात जाळलेला माणूस त्यात जिवंत आहे. मी त्याला आत्ताच तीन मार्क देऊन ठेवलेत. परवा टीव्हीवर एक बघितला, त्यात हिरॉईन शेतकऱ्याची मुलगी, आणि शेतातलं तण भांगलायला पांढरीशुभ्र साडी नेसून जाते. तिच्या घरी साबण कोण पुरवत होतं?

सांगलीच्या हॉस्टेलवर कपाटाच्या दारामागे आपण खडूने मार्क लिहायचो, आठवतं? पळताना चप्पल तुटली तर एक वजा, रडताना काजळ पसरलं नाही तर दोन वजा. आणि आपला एकच कडक नियम होता: 'समाप्त'ची शेवटची पाटी पडेपर्यंत जो बसत नाही, त्याला मार्क द्यायचा हक्क नाही.

तू काढलेला सिनेमा मी मध्यंतरापर्यंतच पाहिला. त्यामुळे मार्क देत नाही.

आई मात्र शेवटपर्यंत बसली. मी तिला सांगलीला घेऊन गेले होते, तूच आग्रह केला होतास म्हणून. पोस्टरवर काय लिहिलंय, असं तिनं विचारलं. मला ते वाचून दाखवावं लागलं: 'मेंढरांची आई'. माझे वडील, बापू, स्वतः मरेपर्यंत तिला याच नावाने टोचायचे, हे तुला मीच सांगितलं होतं. तुला ते नाव आवडलं असावं.

पडद्यावरची आई छान आहे गं. तापानं फणफणलेलं बाळ पालात ठेवून व्यायला आलेल्या मेंढीकडे पळते, परत येते, आणि मग चार मिनिटं रडते. लोक नाक ओढत होते. आमची आई रडली नव्हती. मी तिथं होते, मला माहीत आहे.

तुलाही माहीत आहे. शेवटच्या वर्षाला असताना एका दुपारी मी तुला सांगितलं होतं. तरी पुन्हा सांगते, कारण तू विसरली असशील असं मानणं मला सोयीचं आहे. आमची मेंढरं फलटणकडं गेली होती. मी सात वर्षांची, धाकटा भाऊ तान्हा आणि तापानं फणफणलेला. बापू दुसऱ्या कळपामागं होते, म्हणून आई एकटीच व्यायला आलेल्या मेंढीकडे गेली, पण बाळाला एकटं टाकून नाही. 'बाळाजवळून हलू नगं' असं मला बजावून गेली. शेजारच्या गावात जत्रा होती, तिथं तंबूतला सिनेमा. तिकीट नसलेली पोरं तंबूच्या मागच्या फटीतून पडद्याची उलटी बाजू बघायची. मीही गेले. थोडंच बघून यायचं होतं. पण पडद्यावरची सगळी माणसं डावखुरी होती, डाव्या हाताने जेवत होती, डाव्या हाताने आशीर्वाद देत होती. असं मी कधी पाहिलं नव्हतं.

शेवटची पाटी पडेपर्यंत मी बसले.

परतले तेव्हा बाळ आईच्या मांडीवर होतं, आणि थंड होतं. बापूंनी विचारलं, त्याच्यापाशी कोण होतं? आई म्हणाली, "कोन न्हवतं. पोरगी माज्यासंगं हुती." मी कुठं होते, हे तिनं मला आजवर विचारलेलं नाही.

संयोगिता, तू आईचं खोटं घेतलंस आणि माझं खरं टाकून दिलंस. तुझ्या सिनेमात मुलगीच नाही. मुलाखतीत मात्र सांगितलंस, आटपाडीच्या मैत्रिणीच्या आईची ही सत्यकथा आहे. आता आमच्या गल्लीतल्या धोंडुबाईनं पाण्याच्या टाकीपाशी चारचौघींत आईला विचारलं, "व्हय गं रंगू, पोरापरीस मेंढी जड झाली व्हय तुला?" आई म्हणाली, "व्हय." आणि घागर उचलून आली.

आणि ते नाव. आमच्या बाळाचं बारसं गावाकडं परतल्यावर व्हायचं होतं, त्याला नावच नव्हतं. तू शिवतेज ठेवलंस. पंचेचाळीस वर्षांमागं मेंढरांमागच्या पालात शिवतेज! हे मी तुला खिजवायला लिहिणार होते. पण सांगलीहून येताना एसटीत आई एकदम म्हणाली, "नाव चांगलं हाय. बिननावाचाच गेला हुता." तेव्हापासून ती त्याला शिवतेज म्हणते. यासाठी तुझ्यावर रागवावं की नाही, मला ठरवता येत नाही.

एसटीतून उतरताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरीला न्हाई घातलं त्यात, लय बरं केलं. तुज्या मैत्रिणीला आक्कल हाय."

म्हणजे मी बाळाला सोडून कुठं गेले होते, ते सगळं तिला ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

पन्नासाव्या दिवसाच्या समारंभात आईला स्टेजवर बसवून साडी-चोळी द्यायची, असं पत्रिकेत आहे. आई येणार नाही. मी येईन. साडी आणू नकोस, पाच मिनिटं माईक दे. तंबूमागं कोण बसलं होतं, ते मी तुझ्या प्रेक्षकांना सांगणार आहे. आईला अजून बोललेले नाही, ती मला अडवेल. धोंडुबाईला मात्र सोबत आणते आहे. तिला पहिल्या रांगेत जागा ठेव.

मी बोलायला लागले की तुला उठून जावंसं वाटेल. उठू नकोस. आपला नियम आहे.

तुझ्या कथेतून वगळलेली,
साळू