तुमच्या बंदिशीत दुसऱ्याचं नाव

अण्णा, तुमची तोडीतली बंदिश आता परदेशात विकायला निघाली आहे, आणि ती तुमची आहे हे तिथे कुणालाच ठाऊक नाही. बनशंकरी भागातल्या तुमच्या घरी माझ्याबरोबर गाणं शिकायला यायची ती पुण्याची मुलगी आठवते ना, जिला तुम्ही तुमच्या कानडी वळणाने "स्वल्प हळू बोल गं" म्हणायचात? तिनेच तुमची ती सकाळची बैठक रेकॉर्ड केली होती. आता ती जर्मनीत असते आणि तिथली एक कंपनी ते रेकॉर्डिंग काढणार आहे. तुमच्या गाण्यासाठी तुमच्या पश्चात अक्कांनी, तुमच्या मुलीने, होकार दिला. मागे तानपुरा घेऊन मीही दोन-चार जागी आवाज लावला होता, म्हणून माझी सही हवी. आणि बंदिश कोणाची, तेही लिहून द्यायला हवं.

पीण्या भागातल्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि तिचा फोन आला. इतक्या वर्षांनी, आणि तोही सहीसाठी. म्हणाली, "अंतऱ्यात अण्णांच्या गुरुजींचं नाव येतं. त्यांचे वारस कुठे शोधायचे? आम्ही पारंपरिक लिहितोय." माझं डोकं फिरलं. पारंपरिक म्हणजे कुणाचीच नाही, म्हणजे उद्या साबणाच्या जाहिरातीतही लावतील आणि विचारणार नाहीत. रचणारा गेल्यावर हक्क इथे साठ वर्षं राहतो, तिथे सत्तर. कॉलेज सोडलं असलं तरी एवढं वाचता येतं मला. करारात तर सगळे देश आणि पुढे निघतील ती सगळी माध्यमंसुद्धा लिहून घेतली आहेत. मी म्हटलं, फुकटात हवंय म्हणून पारंपरिक का? आणि हे 'आम्ही' म्हणजे कोण? ती म्हणाली, "कॉलेजातूनही असाच भांडून निघालास ना?"

तिला कसं सांगू? मला अजून दिसतं: तुम्ही स्वयंपाकघरात उभे आहात, कढईत उप्पिट, एका हातात उलथणं, दुसरा हात मांडीवर ताल धरतो आहे. अंतऱ्याची ओळ जुळत नाही, उप्पिट खाली लागतं, आणि त्या करपट वासात ती एकदम जुळते. रचणारा तिथे आपलं नाव गुंफतो, हे तुम्हीच शिकवलेलं. तुम्ही मात्र तुमच्या गुरूंचं गुंफलंत. मी विचारलं, तुमचं का नाही? तुम्ही उलथणं माझ्यावर रोखलंत. "गळा त्यांनी दिला. नाव माझं कशाला? कुणाजवळ बोलायचं नाही. सरी?" मीही सरी म्हणून कबूल केलं. पण खरं सांगू, मला संशय आला होता. पुढे त्या सकाळच्या बैठकीत घराण्याचे लोक ती जुनी समजून माना डोलवत होते, आणि तुमच्या मागे बसून मला तुमचे खांदे हलताना दिसत होते. तुम्ही हसत होतात, अण्णा. ती नम्रता होती, की तुमच्या नावावर त्यांनी ती स्वीकारलीच नसती याची भीती?

फोन ठेवताना ती म्हणाली होती, "तुला काही माहीत असेल तर सांग. तू सांगशील तेच लिहीन." तेव्हापासून दर रविवारी फोन करते. मी कधी करारातलं एखादं कलम काढतो, कधी अक्कांना विचारायचंय म्हणतो. परवा तिने सांगितलं की कंपनी महिनाअखेरपर्यंतच थांबेल. मग माझ्या जागा कापून, पारंपरिक लिहून, रेकॉर्डिंग बाहेर येईल. एका वाक्याचं काम आहे. तुम्हाला दिलेला शब्द पाळतोय, असं मी स्वतःला सांगत असतो. पण ते वाक्य बोललो की तिचं काम झालं, आणि रविवारही संपले.

येत्या रविवारी सांगेन. मागच्या रविवारीही हेच ठरवलं होतं.