तिसऱ्या यानाचं संगीत

येडशी,
२२ एप्रिल १९८४

प्रिय रामलिंग,

पाकीट फोडलंस ते बरं केलंस. आता शेवटपर्यंत वाच, मधेच चुरगाळून टाकू नको. तीन कार्डं टाकली, एकाचंही उत्तर न्हाय. सोलापुरात लाल कोट घालून लग्नाच्या बँडात झांजा वाजवतोस असं ऐकलं. दोन पिच्चरला संगीत दिलेला माणूस झांजा वाजवतो! तुझं काय म्हणून आपल्या पिच्चरच्या संस्थेतला पंचाक्षरी मला विचारतो आणि मी काय सांगू? मी तिसरीत शाळा सोडली, तेवढ्यात मावेल तेवढं लिहिते. अक्षराला हसू नको.

तुला ऐकायचं नसलं तरी सांगते. आपल्या यानाच्या पिच्चरचा तिसरा भाग लागला. येरमाळ्याच्या यात्रेत आपल्याच तंबूत पाच दिवस चालवला. गर्दी बरी होती, पण पहिल्या दोन भागांची मजा न्हाय. तवा यान माळावर उतरायचं, तुझी पेटी आणि संबळ एकदम सुटायचे, आणि दोरीच्या अलीकडं बसलेल्या बायकांतनंसुद्धा शिट्ट्या यायच्या. कळंबच्या एसटी स्टँडवर पोरं अजून तीच चाल शिट्टीवर वाजवतात. या बारीला पुण्याच्या माणसाचं संगीत. बटणांची इलेक्ट्रिक पेटी, विहिरीवरचं इंजन बंद पडताना घूं घूं करतं तशी. यान जायला लागलं की माणसं बिड्या पेटवायला बाहेर. तुला बरं वाटावं म्हणून लिहीत न्हाय, झालं ते लिहिलं. नानासाहेब तिकिटाच्या खिडकीपाशी येऊन उभे राहिले आणि गेल्या बारीला असं नव्हतं हो बानूबाई म्हणाले. म्या म्हणलं, संस्थेनं ठराव केला, आता ऐका. त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं.

नानासाहेब या माणसाचं मला कधी हसू येतं, कधी वाईट वाटतं. शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर. दुधाची सहकारी संस्था निघते, सुताची निघते, मग पिच्चरची का न्हाय म्हणून गावोगाव शेअर गोळा करत हिंडला. लोक म्हणायचे, मास्तरला ऊन लागलं. आणि गोष्ट तरी कसली, तर पाणी शोधत दुसऱ्या ताऱ्यावरची माणसं येतात आणि उतरतात कुठं, तर आपल्या बालाघाटात. तुझे दाजी तवा जिवंत होते. ते म्हणाले, बिचारी चुकली, भूमला उतरली असती तर विहिरीत बघूनच परत फिरली असती. पण पिच्चर चाललं. दाजी गेल्यावर तंबू माझ्याकडं आला आणि संस्थेत बाईची एक जागा भरायची म्हणून मला संचालक केलं. नानासाहेब सगळ्यांना सांगायचे, बानूबाई बारा वर्षं खिडकीत बसून पिच्चर नुसतं ऐकत आल्यात, कुठल्या गाण्याला माणूस उठतो ते त्यांना विचारा. मला तवा मोठेपणा वाटला. आता वाटतं, नसतं विचारलं तर बरं झालं असतं.

तिसऱ्या भागात यान उतरत न्हाय, निघून जातं. इथली शेवटची माणसं घेऊन जातं आणि एक म्हातारी मागं राहते. जुनी चाल तिथं चालायची न्हाय, नवी पाहिजे. तिथंच सगळं फाटलं. तिघांना तू पाहिजे होतास. तिघं म्हणाले, रामलिंग उतरायचं संगीत देतो, जायचं त्याला जमायचं न्हाय, पुण्याचा माणूस आणा. मग नानासाहेबांनी शाळेतली परीक्षा असावी तसं ठरवलं. यान जायचा तोच तुकडा, आवाज न्हाय, दोघांना आठ दिवस, आणि आपल्या तंबूत पडद्यासमोर बसून वाजवायचं. तुला आठवतंय ना, पुण्याचा माणूस आधी वाजवून गेला. सगळे माना हलवत होते, समजलं कुणालाच नव्हतं. मग तू बसलास. मी माझ्या जागी, खिडकीत, बाहेर. दिवस मावळत होता, तंबूचं कापड वाऱ्यानं फडफडत होतं, आणि आतनं तुझी पेटी यायला लागली. दोन सूर वर चढले, तिसरा खाली आला आणि थांबला.

रामलिंग, ती चाल म्या ओळखली. तुला काय वाटलं, ओळखणार न्हाय?

बहात्तरच्या दुष्काळात यात्रा बंद, तंबू गुंडाळून ठेवलेला, आणि आपण सगळे तलावाच्या कामावर खडी फोडायला. तुझ्या डाव्या अंगठ्यावर दगड पडला म्हणून मुकादमानं तुला आठ दिवस बाभळीखाली बसवलं आणि माझी लेक हरणा तुझ्याजवळ दिली. अडीच वर्षांची. रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी तिला पचायची न्हाय, कामावर वाटायचे ती सुकडी खाल्ली की जुलाब. डालड्याच्या डब्याला तार बांधून तू तुणतुणं केलंस. दोन सूर वर, तिसरा खाली, आणि मुद्दाम थांबायचास. मग ती म्हणायची, आनी? मग तू चौथा सूर द्यायचास आणि ती हसायची. मला हातोड्याच्या आवाजातनं दुसरं काही ऐकू यायचं न्हाय, तिचं तेवढं आनी ऐकू यायचं. तेवढ्यावर मी दिवस काढायचे. एका दुपारी तू वाजवलंस, थांबलास, परत वाजवलंस, परत थांबलास. मी हातोडा टाकून धावले. तू तरीपण वाजवत होतास. तलावाच्या भरावापलीकडं तिला पुरलं आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले, कारण न जाऊन काय केलं असतं. त्यानंतर आपण दोघं यावर एक शब्द बोललो न्हाय. बारा वर्षं न्हाय. तू डबा कुठं टाकलास तेसुद्धा म्या विचारलं न्हाय.

आणि तू ती चाल पेटीवर बसवून आणलीस. संबळ न्हाय, काही न्हाय, नुसती पेटी. तिसऱ्या सुरावर थांबलास तवा आत एक माणूस खोकला न्हाय. बिड्या विझल्या. शेवटी तू तंबूच्या दारातनं बाहेर आलास आणि पहिलं माझ्याकडं बघितलंस. तुला वाटलं असेल, अक्का खूश होईल, तिच्या लेकराचं नाव राहील. तुझ्या मनात वाईट न्हाय, मला ठाऊक हाय. म्या मान खाली घातली आणि तिकिटांचे गठ्ठे लावत बसले.

मग तुम्हा दोघांना हापशापाशी उभं केलं आणि आत हात वर करायला सांगितले. नंतर नानासाहेबांनी बाहेर येऊन सांगितलं, बहुमतानं पुण्याचे गृहस्थ. ठरावात नावं लिहीत न्हाईत, तसा रिवाज हाय. तू कुणालाही न विचारता मनानंच ठरवलंस, पंचाक्षरीनं घात केला. का, तर पुण्याच्या माणसाला येडशी स्टेशनावरनं त्यानं आपल्या बैलगाडीत आणलं म्हणून. पाहुण्याला चालत आणायचा होता का? पुढच्या बाजारी कळंबला चार माणसांत तू त्याला पुण्याला विकलेला म्हणालास. ज्यानं तुला पहिली पेटी आणून दिली त्याला. तो उभा राहून ऐकत होता. मीपण तिथं होते, बांगड्यांच्या दुकानापाशी. मी काही बोलले न्हाय. त्या दिवसापासून तो वाळत चाललाय, संस्थेच्या बैठकीला येत न्हाय, सहीला माणूस पाठवावा लागतो. काल लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन माझ्याकडं आला. रामलिंगला पाठवू का, का फाडून टाकील, असं विचारत होता. चहा पिला, बशी पालथी घातली आणि जाता जाता म्हणाला, बानूबाई, माझं काही न्हाय, मी मरेपर्यंत बोलणार न्हाय, पण त्याला एकट्याला तिकडं किती दिवस ठेवायचं?

म्हणून हे पत्र. पंचाक्षरीनं तुझ्यासाठीच हात वर केला होता, सगळ्यांच्या आधी. तीन तिकडं, तीन इकडं, आणि नानासाहेब म्हणाले, बानूबाई, आता तुमचं. मला खिडकीतनं आत बोलावलं होतं. सगळ्यांना वाटलं बहीण हाय, विचारायचं काय. म्या पुण्याच्या माणसासाठी हात वर केला. कारण विचारलं तर म्हणलं, रामलिंगची चाल जुनाट हाय, लोक उठून जातील. खोटं बोलले. कुणी उठलं नसतं. तेच मला नको होतं. दिवसाचे दोन खेळ, गावोगावच्या यात्रा, बाजार, आणि मी खिडकीत बसलेली, मला उठून कुठं जाता येतंय? तू थांबशील आणि आतनं कुणी आनी म्हणून विचारणार न्हाय. रोज दोनदा माझ्याच्यानं ते झालं नसतं. तू तुझ्या हिशेबानं तिला जगात आणत होतास, आणि म्या तुझं पोट आणि नाव दोन्ही मारलं. माफी मागत न्हाय, कारण उद्या परत हात वर करायला सांगितलं तर मी तेच करीन. एवढं कळल्यावर तू मला काय म्हणशील ते म्हण, चार माणसांत म्हण, मी कळंबला येऊन उभी राहते. पण अक्षय तृतीयेला पंचाक्षरीच्या लेकीचं लग्न हाय, तिथं जा आणि त्याचे पाय धर. मी त्या दिवशी तंबू घेऊन भूमला जाणार हाय, म्हणजे मांडवात तुला माझं तोंड बघावं लागणार न्हाय.

तुझीच,
बानूअक्का