आढ्यावरची फट

८ नोव्हेंबर, रविवार

प्रिय ठमे,

तुला, जावईबापूंना आणि पोटातल्या मुक्कामी पाहुण्याला आशीर्वाद. माझी तब्येत ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचा स्वभावच तसा.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस आणि मीही तुला बरं वाटावं म्हणून हो म्हणून टाकते. कागद मधे बोलत नाही.

खोलीचा फोटो पाहिला. पलंग खिडकीपाशी ठेवलास, ते चांगलं केलंस. रंग जावयांनी स्वतः दिला म्हणतेस. कोपरे अगदी सरळ आलेत, त्यांना शाबासकी सांग. फोटोखाली तू लिहिलं आहेस, ‘आईची खोली, आता कायमची.’ बाळ झाल्यावर मी तिथेच राहावं, या वयात इथे एकटीने राहू नये, हे तुझं म्हणणं मला समजतं. घरमालकांना घर सोडत असल्याचं सांगितलंस का, असंही विचारलं आहेस. सांगायचं आहे.

आता कामाचं. आमच्या छपरांच्या कारखान्यातले थोरले इंजिनिअर निवृत्त झाले, हे तुला सांगितलंच होतं. इतकी वर्षं ते पेन्सिलने छपरं काढायचे आणि मी ती साफ कागदावर उतरवायची. त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. परवा कारखान्याचे मालक माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, “मावशी, लाँड्रीचं काम लहान आहे. तुम्हीच करता का?”

“मी?”

“मग काय मी? मला धड त्रिकोण काढता येत नाही.”

मी हो म्हटलं.

लाँड्री म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. तिथे हॉस्पिटलच्या चादरी धुतात. पाणी उकळतं, वाफ वर जाते, थंड पत्र्याला लागते आणि तिचं पाणी होऊन खाली पडतं. ते पाणी पत्र्याचा गंज घेऊन येतं. इस्त्री केलेल्या चादरीवर एक थेंब पडला की ती चादर पुन्हा धुवायची. इस्त्रीवाल्या बायका दिवसभर टेबलं इकडून तिकडे सरकवत असतात.

उपाय जुनाच आहे. छपराच्या दोन उतरत्या बाजू जिथे भेटतात, त्या आढ्यावर टोकापासून टोकापर्यंत फट ठेवायची आणि फटीवर पत्र्याची टोपी बसवायची. गरम हवा फटीतून निघून जाते, टोपी पाऊस अडवते. पण टोपी खाली बसली तर हवा कोंडते, आणि उंच बसली तर वाऱ्याबरोबर पाऊस आत शिरतो. या दोन्हींच्या मधली एक उंची असते. ती प्रत्येक छपराची वेगळी.

मी पुठ्ठ्याचं छप्पर करून स्वयंपाकघरात खुर्च्यांवर टांगलं आणि खाली शेगडीवर किटली ठेवली. टोपी वर-खाली करून बघत बसले. शेजारीण दारात येऊन म्हणाली, “पाहुणे आलेत वाटतं? किटली सारखी ओरडतेय.” आत बघून ती आल्या पावली परत गेली. संध्याकाळपर्यंत पुठ्ठा भिजून माझ्या छपराने मान टाकली, पण तोवर उंची सापडली होती.

जेवण वेळेवर होतं. काळजी करू नकोस.

तुझी
आई


२६ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय ठमे,

आशीर्वाद. पाय सुजतात म्हणालीस, तर बसताना ते उशीवर ठेव. जावयांना दाबायला सांग, लाजू नकोस. रंग देऊ शकणारा माणूस पायही दाबू शकतो.

टोपी बसली आणि फसली. आधी हे सांगते.

पत्रा आमच्या कारखान्यातल्या मामांनी वाकवला. वाकवायच्या मशिनवर त्यांचं आयुष्य गेलं आहे. रेखाचित्र हातात घेऊन ते म्हणाले, “ताई, सही कुणाची घेऊ? साहेबांची जागा रिकामी आहे.” मी म्हटलं, माझी. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मग पत्र्याकडे वळले.

मंगळवारी सकाळी सगळे जमलो. मालक, मामा, लाँड्रीच्या मालकीणबाई, इस्त्रीवाल्या बायका. पाणी उकळायला लागलं. वाफ वर गेली. अलीकडच्या अर्ध्या छपरात ती फटीतून शहाण्यासारखी बाहेर पडली. पलीकडच्या अर्ध्यात ती फटीपर्यंत गेली, थांबली आणि परत फिरली. वरून थंड हवेचा लोट आला, त्याच्याबरोबर वाफ इस्त्रीच्या टेबलांवर उतरली आणि थेंब सुरू झाले.

इस्त्रीवाल्यांत एक उंच बाई आहे. तिने डोक्यावर टॉवेल घेतला. म्हणाली, “बाई, आधी किरकोळीत पडत होतं. आता घाऊक केलंत.” बाकीच्या हसल्या. मालकीणबाई हसल्या नाहीत. त्या फार सभ्य आहेत. त्यांनी मालकांना एवढंच विचारलं, “मग ती फट बुजवून पंखे बसवायचे का?”

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, चार दिवस द्या.

काल लांब काठीला पातळ कागदाची पट्टी बांधून मी शेडमध्ये फिरत राहिले. फटीपाशी काठी धरली की अलीकडे पट्टी बाहेर ओढली जायची आणि पलीकडे आत उडायची. म्हणजे छप्पर अर्ध्या तोंडाने श्वास सोडत होतं आणि अर्ध्याने घेत होतं. वरून हवा आत का यावी? खालून मिळत नसेल, तरच. पण दोन्ही भिंतींना खाली झरोक्यांची रांग होती. जुन्या नकाशात होती, त्यावरूनच मी माझा कागद काढला होता.

मी खाली बघितलं. भिंतींना लागून साबणाची खोकी रचलेली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“ही कधीपासून?”

“बरीच वर्षं झाली,” उंच बाई म्हणाली. “मांजर यायचं तिथून. धुतलेल्या चादरींत झोपायचं. पिल्लंसुद्धा घातली एकदा.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही येता, मान वर करता, तशाच जाता.”

खरं आहे, ठमे. आमच्या धंद्यातली माणसं कुठेही शिरली की आधी वर बघतात. माप घ्यायला मी अनेकदा गेले होते. एकदा तर त्या खोक्यांना अडखळले, खोकं पायाने बाजूला केलं आणि वर बघत पुढे गेले. मालकांना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. “मावशी,” म्हणाले, “आता तुम्ही खऱ्या इंजिनिअर झालात.”

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. संध्याकाळी घरी परतताना मी बस सोडून चालत निघाले आणि आपली गल्ली मागे टाकून पुढे गेले, तेव्हा भानावर आले. याआधी छप्पर फसलं तर ते साहेबांचं फसायचं, साधलं तर साहेबांचं साधायचं. मी फक्त रेघा स्वच्छ ठेवायची. ही चूक माझी आहे. दुरुस्तही मीच करणार आहे. याला काय म्हणतात मला ठाऊक नाही, पण मला भूक लागली होती आणि मी घरी जाऊन पोटभर जेवले.

काल फोनवर तू सांगितलंस, तिकीट काढलं, जानेवारीच्या पहिल्या आठवड्याचं, फक्त येण्याचं. मी बरं म्हटलं. मी येणार आहे, त्यात शंका धरू नकोस. तुझ्या बाळंतपणात मी तुझ्याजवळ नसेन, असं होणार नाही. पण ‘कायमची’ या शब्दापाशी माझं पेन थांबतं. कालचं माझं ‘बरं’ पूर्ण खरं नव्हतं.

बाकीचं मला अजून लिहिता येत नाही. लाँड्रीत जायचं आहे.

तुझी
आई


१३ डिसेंबर, रविवार

प्रिय ठमे,

पत्र पोचल्यावर तू फोन उचलणं बंद केलंस. मी रोज करत होते. शुक्रवारी जावयांनी केला, आवाज बारीक करून, बाल्कनीतून करत असावेत. म्हणाले, “आई, ती रागावलेली दाखवते. रागावलेली नाही. घाबरली आहे.” मग म्हणाले, “मी हे सांगितलं, असं सांगू नका.” मी सांगते आहे. नवराबायकोत अशी गुपितं ठेवू नयेत, आणि सासूच्या भरवशावर तर मुळीच ठेवू नयेत.

मी तुझ्या रागाला उत्तर तयार ठेवलं होतं. भीतीला ते लागू पडत नाही. ते फाडून हे लिहिते आहे.

आधी छप्पर, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. खोकी हलवली. झरोक्यांना मांजर शिरणार नाही अशी जाळी आणि धूळ अडवायला तिरप्या पट्ट्या लावल्या. त्यावरून इस्त्रीवाल्यांशी दोन दिवस वाद झाला. वारा आला तर धूळ येणार, चादरी मळणार, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. शेवटी टेबलं भिंतीपासून मधे घेतली. आणि वरची फट मी अरुंद केली. मालकांना ते पटेना. “वाफ जात नाही म्हणून तुम्ही तिचा रस्ताच लहान करता?” मी म्हटलं, खालून जेवढी हवा येईल तेवढीच वरून जाईल. जास्तीची फट बाहेरची हवा आत बोलावते. त्यांनी डोकं खाजवलं आणि मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, “माझ्याकडे बघू नका, मी फक्त वाकवतो.”

बुधवारी कडाक्याची थंडी होती, पत्रा बर्फासारखा. अशाच दिवशी बघायचं होतं. पाणी उकळलं. वाफ वर गेली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत निघून गेली. आम्ही वाट बघत उभे राहिलो. उंच बाई तळहात टेबलावर पसरून थेंबाची वाट बघत होती. बराच वेळ झाला. मग तिने डोक्यावरचा टॉवेल काढला, घडी केली आणि धुवायच्या ढिगात टाकला. मालकीणबाई पुढे आल्या. माझा हात दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. मी रस्त्यावर जाऊन बघितलं. आढ्यावर पांढरी बारीक रेघ उठत होती. सरळ होती.

परतताना मालक म्हणाले, “एका शाळेच्या स्वयंपाकघराचं छप्पर आलंय. पण तुम्ही जानेवारीत चाललात. दुसरा कुणी बघू, का त्यांना थांबायला सांगू?”

मी म्हटलं, “थांबायला सांगा.”

फोनवर मी तुला देते तसलं हे उत्तर नव्हतं. तोंडून निघालं आणि मलाच ऐकू आलं.

तर ठमे, जे मी दोन पत्रांत लिहीत नव्हते ते हे आहे. मी कायमची येणार नाही. घरमालकांना मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. परतीचं तिकीट मी स्वतः जाऊन काढून आले. तुझ्या घरी मला काही कमी पडेल म्हणून नव्हे. तिथे मला सगळं मिळेल, हे त्या फोटोतच दिसतं. पण मला अजून छपरं काढायची आहेत. या वयात हे म्हणताना कसंसंच होतं. तरी म्हणते.

आता तुझ्या भीतीबद्दल. मागे एकदा तू म्हणाली होतीस, “तू नसलीस तर मला बाळ सांभाळता येणार नाही.” मी ते हसण्यावारी नेलं. तू जन्मलीस तेव्हा मलाही काही येत नव्हतं. पहिल्या दिवशी नर्सने तुला माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “अशी नको धरू, ती काय पाटी आहे?” मी दुसरीकडून धरलं. तू रडायची थांबलीस. मला वाटलं, जमलं. पाचव्या मिनिटाला पुन्हा सुरू झालीस. असंच चालतं. चुकतं, दुसरीकडून धरायचं. मी जवळ असेन, बघत असेन, पण धरणार तूच.

आणि माझ्या एकटेपणाची धास्ती बाळगू नकोस. शेजारीण किटली वाजली तरी येते, नाही वाजली तरी येते.

इथवर लिहिलं आणि तुझा मेसेज आला. इतक्या दिवसांनी दोनच शब्द: ‘किती महिने?’

मी दोनदा वाचला. मग स्टूल ओढून बसले. लहानपणी तू दुधाला नाही म्हणायचीस, आणि एकदा का ‘किती कप?’ असं विचारलंस की मी गॅस पेटवायची. त्यानंतर फक्त घासाघीस उरायची.

माझ्या तिकिटावर दोन महिने आहेत. तू चार म्हणशील. मी म्हणेन, शाळेची मुलं धुरात जेवतात. तू म्हणशील, मग तीन. तिकीट बदलता येतं, मी खिडकीवर विचारून ठेवलं आहे. आणि मेमध्ये तू बाळाला घेऊन इथे यायचंस. त्यात मात्र घासाघीस नाही.

तुझी,
येऊन परत जाणारी,
आई